सैन्य नसलेला देश आणि शांततेचे काम

(लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी अभ्यासलेख)



रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतात, तेव्हा जगातील शांततेसाठी एक तरी प्रार्थना असतेच. कधी सिरियाचे नाव येते, कधी युक्रेनचे, कधी गाझाचे, तर कधी सुदानचे. आपण सारे एका सुरात प्रतिसाद देतो आणि मिस्सा संपल्यावर घरी परततो. मनात मात्र एक शंका राहून जाते. तिकडे तोफा धडधडत आहेत, मोठमोठी राष्ट्रे एकमेकांकडे डोळे वटारून पाहत आहेत. तिथे आपल्यासारख्या लहान माणसाचे काय चालणार? लहानाने प्रार्थना करावी, बाकीचे मोठ्यांनी पाहून घ्यावे, असे आपण धरून चालतो.

म्हणूनच या खेपेच्या अभ्यासासाठी आम्ही एका फार लहान देशाची माहिती निवडली आहे. या देशाजवळ एकही सैनिक नाही. तरीही युद्ध टाळावे, युद्धातील अत्याचारांचा जाब विचारला जावा आणि संकटातील माणसाला आसरा मिळावा, यासाठी त्याने जे काम केले आहे ते भल्याभल्या देशांना जमलेले नाही. त्या देशाचे नाव लिश्टनस्टाइन.

देशाची ओळख

युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीत, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या दोन देशांच्या मधल्या बेचक्यात लिश्टनस्टाइन वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण पाव हिस्सा. लोकसंख्या सुमारे चाळीस हजार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अख्खा देश बसेल! देशात एकूण अकरा गावे आहेत. फाडुट्स हे राजधानीचे गाव. देशाला समुद्र नाही आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही समुद्र नाही. राज्यप्रमुख वंशपरंपरेने येणारा संस्थानिक असतो. कारभार लोकांनी निवडलेली संसद आणि सरकार पाहते. आपल्याकडचे जुने जव्हार किंवा सावंतवाडी संस्थान घेतले, तरी ते याच्या कितीतरी पट मोठे होते.

येथील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. १९९७ साली फाडुट्स हे स्वतंत्र आर्चडायोसिस झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ८ सप्टेंबर १९८५ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, या देशाला भेट दिली होती. त्यानंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, ते आपल्याकडे मुंबई, पुणे व गोव्यात आले. त्या वेळी गर्दीत उभे राहिलेले आपल्यापैकी अनेक जण अजूनही ती आठवण सांगतात.

सैन्य का सोडले?

१८६६ साली ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध झाले. त्या वेळी लिश्टनस्टाइनचे ऐंशी सैनिक इटलीच्या बाजूची एक डोंगरखिंड राखायला गेले होते. लढाई त्यांच्या वाट्याला आलीच नाही आणि सगळे सुखरूप परतले. गेले ऐंशी, पण आले एक्क्याऐंशी, वाटेत त्यांना एक मित्र मिळाला, अशी गमतीदार गोष्ट तेथील लोक अजून सांगतात. दोन वर्षांनी, १८६८ साली, देशाने सैन्य मोडीत काढले. ज्या जर्मन राज्यसंघासाठी सैन्य ठेवावे लागत होते तो संघच मोडला होता, आणि गरीब शेतकरी देशाला सैन्याचा खर्च झेपत नव्हता.

म्हणजे सैन्य सोडले ते एखाद्या थोर तत्त्वासाठी सोडले असे नाही. पैसे वाचवण्यासाठी सोडले. पण एकदा काठी हातातून ठेवली की माणसाला दुसऱ्या कशाचा तरी आधार शोधावा लागतो. लिश्टनस्टाइनला तो आधार कायद्यात सापडला. शेजाऱ्याने सीमा मानली तरच आपण सुरक्षित, हे त्या देशाला कोणी शिकवावे लागले नाही. मार्च २००७ मध्ये सरावाला निघालेली सुमारे १७० स्विस सैनिकांची तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि थेट लिश्टनस्टाइनच्या हद्दीत शिरली. चूक लक्षात येताच ती परत फिरली, स्वित्झर्लंडने झाला प्रकार कळवला आणि विषय मिटला. दोन्हीकडचे लोक हसले. मात्र शेजारी नियम मानणारा नसता, तर हीच गोष्ट हसण्यावारी गेली नसती.

सैन्य नसल्याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर जगात शांतता राखण्यासाठी राष्ट्रसंघ स्थापन झाला. लिश्टनस्टाइनने सभासद होण्यासाठी अर्ज केला. डिसेंबर १९२० मध्ये तो फेटाळला गेला. देश फारच लहान आहे, परराष्ट्र व्यवहारासारखी कामे दुसऱ्यावर सोपवलेली आहेत आणि त्याला सैन्य नाही, अशी कारणे देण्यात आली. शांततेच्या संस्थेत बसायला सैन्य हवे, हा विचित्र न्याय होता! पुढे १९५० साली हा देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या करारात सामील झाला. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मात्र १८ सप्टेंबर १९९० रोजी मिळाले. म्हणजे पहिल्या नकारानंतर सत्तर वर्षांनी.

१९४५ : दारात आलेली माणसे

दुसरे महायुद्ध संपत आले होते. लिश्टनस्टाइनची लोकसंख्या तेव्हा बारा हजारांच्या आसपास होती. २ मे १९४५ च्या रात्री शेलेनबर्ग गावाजवळची सीमा ओलांडून सुमारे पाचशे माणसे देशात शिरली. ते रशियन होते, पण त्यांच्या अंगावर जर्मन सैन्याचा गणवेश होता. स्टालिनच्या राजवटीविरुद्ध ते जर्मनीच्या बाजूने लढले होते. जनरल स्मिस्लोव्स्की हा त्यांचा प्रमुख. त्यांच्यासोबत काही बायका व मुलेही होती. सरकारने त्यांची शस्त्रे काढून घेतली आणि त्यांना छावणीत ठेवले.

पुढचा प्रश्न अवघड होता. युद्ध जिंकलेल्या मोठ्या राष्ट्रांनी आपसात ठरवले होते, की सोव्हिएत नागरिकांना त्यांच्या देशात परत पाठवायचे. परत गेलेल्यांना मृत्यू किंवा श्रमछावणी, हे बहुतेकांना ठाऊक होते. शेजारच्याच ऑस्ट्रियात, लिएन्झ येथे, ब्रिटिश सैन्याने जून १९४५ मध्ये हजारो कोसॅक लोकांना बायकामुलांसह सोव्हिएत सैन्याच्या हवाली केले. सोव्हिएत अधिकारी लिश्टनस्टाइनलाही आले आणि त्यांनी आपली माणसे मागितली.

लहान देशाने उत्तर दिले : ज्याला स्वखुशीने जायचे आहे त्याने जावे, पण बळजबरीने कोणालाही पाठवले जाणार नाही. सुमारे दोनशे जण आपल्या इच्छेने परत गेले. उरलेल्यांना देशाने दोन वर्षे पोसले. युद्धाने जगच गरिबीत ढकलले असताना त्या शेतकरी देशाने हा भार उचलला. अखेर १९४७ साली शंभराहून अधिक जण अर्जेंटिनाला रवाना झाले. शेलेनबर्गमध्ये या घटनेचे स्मारक आहे.

याच सुमारास, एप्रिल १९४५ अखेर, राणी गीना यांच्या पुढाकाराने लिश्टनस्टाइनच्या रेडक्रॉसची स्थापना झाली. सीमेवर रोज निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांना गरम सूप, औषध आणि रात्रीपुरता निवारा देणे हे तिचे पहिले काम.

येथे एक गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. आश्रय मिळालेली ही माणसे साधुसंत नव्हती. त्यांनी हिटलरच्या सैन्याचा गणवेश घातला होता. तेव्हा प्रश्न त्यांच्या चारित्र्याचा नव्हताच. कोणाही माणसाला, तो कसाही असो, चौकशीवाचून मरणाच्या दारात लोटायचे का, एवढाच प्रश्न होता. पुढे १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात हाच नियम लिहिला गेला : ज्या ठिकाणी जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्या ठिकाणी निर्वासिताला परत पाठवू नये. कागदावर नियम येण्याआधी सहा वर्षे एका लहान देशाने तो पाळून दाखवला होता.

आक्रमण हा गुन्हा आहे, पण कोणाचा?

आता आपण अलीकडच्या काळाकडे वळू. एका माणसाने दुसऱ्याचा खून केला तर त्याला शिक्षा होते. पण एखाद्या सत्ताधीशाने काहीही कारण नसताना शेजारच्या देशावर सैन्य घातले आणि हजारो माणसे मारली, तर त्याला कोण विचारणार? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले, तेव्हा शांततेविरुद्धचा गुन्हा म्हणून हा आरोप ठेवला गेला होता. नंतर मात्र पन्नासहून अधिक वर्षे हा विषय तसाच पडून राहिला.

१७ जुलै १९९८ रोजी रोम शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार मंजूर झाला. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण असे चार गुन्हे त्यात आले. पहिल्या तिन्हींची व्याख्या ठरली. चौथ्यावर एकमत होईना, म्हणून नाव तेवढे लिहून व्याख्या पुढे ढकलली गेली.

हे अर्धे राहिलेले काम लिश्टनस्टाइनने अंगावर घेतले. त्याचे राजदूत ख्रिस्तियन वेनावेझर हे २००२ पासून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधी आहेत. २००३ पासून आक्रमणाच्या व्याख्येसाठी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात लिश्टनस्टाइनच्या मदतीने उभी राहिलेली एक अभ्याससंस्था आहे. २००४ ते २००७ या काळात तेथे अनौपचारिक बैठका भरवण्यात आल्या. न्यायालयाचे सभासद नसलेल्या देशांनाही बोलावले गेले. वर्तमानपत्रांच्या नजरेपासून दूर बसून कायदेपंडितांनी एकेक शब्द घासूनपुसून घेतला.

या कष्टाला जून २०१० मध्ये फळ आले. युगांडातील कंपाला शहरात परिषद भरली, तेव्हा वेनावेझर हेच तिच्या अध्यक्षस्थानी होते. शेवटच्या दिवशी मध्यरात्र उलटून गेल्यावर सर्वसहमतीने व्याख्या मंजूर झाली. या व्याख्येप्रमाणे साधा सैनिक आक्रमणाचा गुन्हेगार ठरत नाही. ज्याच्या हातात देशाची सत्ता व सैन्याची सूत्रे आहेत तोच ठरतो. मे २०१२ मध्ये सर्वांत आधी या दुरुस्तीला मान्यता देणारा देश लिश्टनस्टाइनच होता. पुरेशा देशांची मान्यता मिळाल्यावर १७ जुलै २०१८ पासून न्यायालयाला हा अधिकार प्राप्त झाला.

हा विजय पूर्ण होता का? नाही. जे देश न्यायालयाचे सभासद नाहीत त्यांच्या पुढाऱ्यांना या कलमातून वगळावे लागले. तसे केले नसते तर एकमत झालेच नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा ही पळवाट साऱ्या जगाला दिसली. हेगचे न्यायालय तेथील युद्धगुन्ह्यांची चौकशी करू शकत होते, आक्रमणाची करू शकत नव्हते. म्हणून वेगळे न्यायासन स्थापण्यासाठी युरोप परिषद आणि युक्रेन यांनी २५ जून २०२५ रोजी करार केला. त्यासाठी आक्रमण म्हणजे काय हे नव्याने शोधावे लागले नाही. विचार आधीच झालेला होता.

सिरिया : पुरावे जपून ठेवणे

सिरियात २०११ पासून यादवी युद्ध पेटले. तुरुंगांत छळ, वस्त्यांवर बॉम्ब, विषारी वायू असे सगळे प्रकार झाले. हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवावे, असा ठराव मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेसमोर आला. पंधरापैकी तेरा सभासदांनी बाजूने मत दिले. पण रशिया आणि चीन यांनी नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सभासदांपैकी एकानेही नकार दिला की ठराव संपतो, असा तेथला नियम आहे.

दार बंद झाले. बहुतेकांनी हात टेकले. लिश्टनस्टाइनने मात्र नियमावली पुन्हा उघडली. सुरक्षा परिषदेला नकाराधिकाराचे कुलूप आहे, पण आमसभेला नाही. तेथे प्रत्येक देशाला एकच मत. आमसभा कोणाला अटक करू शकत नाही, खटला चालवू शकत नाही, हे खरे. पण पुरावे गोळा करून जपून ठेवायला तिला कोण अडवणार? या विचारातून लिश्टनस्टाइनने कतारच्या साथीने ठराव तयार केला. अलेप्पो शहर पडत होते त्याच दिवसांत, २१ डिसेंबर २०१६ रोजी, तो मतदानाला आला. बाजूने १०५ मते पडली, विरोधात १५, आणि ५२ देश तटस्थ राहिले.

त्या ठरावातून जिनिव्हा येथे एक चौकशी यंत्रणा उभी राहिली. सुरुवातीला तिला देशोदेशींच्या ऐच्छिक देणग्यांवर चालावे लागले. साक्षी, कागदपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती, वैद्यकीय अहवाल हे सारे गोळा करायचे, खरेखोटे तपासायचे आणि कोर्टात टिकेल अशा रीतीने लावून ठेवायचे, हे तिचे काम. युरोपातील अनेक देशांत सिरियातील गुन्ह्यांची प्रकरणे चालली, तेव्हा तेथील सरकारी वकिलांना या यंत्रणेकडून मदत मिळाली. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद यांची राजवट कोसळली, तेव्हा पुराव्यांचा फार मोठा साठा आधीच सुरक्षित होता. २०१८ साली म्यानमारमधील अत्याचारांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेने अशाच धर्तीची यंत्रणा उभारली.

बंधुभगिनींनो, ज्यांचा मुलगा तुरुंगात नेला गेला आणि परत आलाच नाही, अशा आईबापांच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहू. आज न्याय मिळत नाही हे त्यांना कळते. पण आपल्या मुलाचे नाव कुठेतरी नोंदले गेले आहे, त्याची फाईल कोणी जाळू शकणार नाही, हा दिलासा लहान नाही. न्यायाला उशीर झाला तरी पुरावा शाबूत राहिला, तर दार पुढे कधीतरी उघडू शकते. पुरावाच गेला, तर दार उघडूनही उपयोग नाही.

"नाही" म्हणणाऱ्याने कारण सांगावे

नकाराधिकार काढून टाकणे आज तरी कोणाच्या आवाक्यात नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्या संमतीवाचून सनद बदलता येत नाही. मग लहानाने काय करावे? लिश्टनस्टाइनने माफक पण नेमकी मागणी मांडली. नकाराधिकार वापरा, पण नंतर सर्वांसमोर येऊन त्याचे कारण सांगा.

दोन वर्षांहून अधिक काळ या मसुद्यावर शांतपणे काम चालले होते. २६ एप्रिल २०२२ रोजी आमसभेने तो मतदानाशिवाय मंजूर केला. ऐंशीहून अधिक देश त्याचे सहप्रस्तावक होते. नकाराधिकार असलेल्या पाचांपैकी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सही त्यांत होते. आता सुरक्षा परिषदेत कोणीही नकाराधिकार वापरला, की कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत आमसभेची बैठक आपोआप बोलावली जाते आणि त्या विषयावर चर्चा होते. अशी पहिली चर्चा ८ जून २०२२ रोजी झाली. उत्तर कोरियाविषयीच्या ठरावाला रशिया व चीन यांनी नकार दिला होता. पुढे गाझाविषयीच्या ठरावांना अमेरिकेने नकार दिला, तेव्हा तिलाही याच सभेसमोर उत्तर द्यावे लागले. नियम सगळ्यांना सारखा, मित्र असो वा विरोधक.

यामुळे नकाराधिकार थांबला का? नाही थांबला. पण बंद खोलीत हात वर करून निघून जाण्याची सोय गेली. सत्तेला उत्तर द्यायला लावणे ही न्यायाची पहिली पायरी आहे.

हे त्यांना कसे जमते?

या कामाची रीत आपण समजून घेण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, मोजकी माणसे असल्याने हा देश सर्वच विषयांत तोंड घालत नाही. कायद्याचे राज्य, न्याय, मानवाधिकार असे थोडे विषय त्याने निवडले आणि वर्षानुवर्षे तेच धरून ठेवले. दुसरी गोष्ट, अभ्यास. नियमावलीतील प्रत्येक कलम ज्याला पाठ आहे, त्याला मोठा देशही सहज बाजूला सारू शकत नाही. तिसरी गोष्ट, सोबती जोडणे. एकट्याने काही होत नाही हे माहीत असल्याने प्रत्येक ठरावामागे निरनिराळ्या खंडांतील देश उभे केले जातात. चौथी गोष्ट, चिकाटी. आक्रमणाच्या व्याख्येचे काम हाती घेतल्यापासून न्यायालयाला अधिकार मिळेपर्यंत पंधरा वर्षे लागली.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे विश्वास. या देशाला दुसऱ्याची जमीन नको, तळ उभारायचा नाही, शस्त्रे विकायची नाहीत. त्यामुळे तो नियमाविषयी बोलतो तेव्हा त्यामागे कोणता डाव आहे, अशी शंका सहसा येत नाही.

दुसरी बाजू

असे असले, तरी लिश्टनस्टाइनला डोक्यावर घेऊन नाचावे असे आम्हाला सुचवायचे नाही. त्या देशाच्या पदरी चुकाही आहेत. स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९८४ साली. बँकांच्या गुप्ततेमुळे परदेशी श्रीमंतांचा कर चुकवलेला पैसा तेथे दडवला जात असे. २००८ साली हे प्रकरण जगभर गाजले आणि त्यानंतर २००९ मध्ये देशाने कराविषयीची माहिती इतर देशांना देण्याचे मान्य केले. २०१८ पासून मानवी तस्करी आणि गुलामगिरीतून येणारा पैसा बँकांनी ओळखावा व अडवावा, आणि त्यातून सुटलेल्या माणसांना बँकेत खाते उघडता यावे, यासाठीही हा देश पुढाकार घेत आहे. ज्या दुकानात चूक झाली, तेथूनच दुरुस्तीला सुरुवात केली, असे म्हणता येईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट २००१ सालची. नाझी काळात आपला देश कसा वागला, हे शोधण्यासाठी सरकारने स्वतंत्र इतिहासकारांचे मंडळ नेमले. २००५ मध्ये अहवाल आला. काही ज्यू निर्वासितांना आश्रय दिला गेला, पण काहींना सीमेवरून परत पाठवले गेले, हे त्यात उघड झाले. राजघराण्याच्या ऑस्ट्रियातील शेतांवर नाझींच्या छावणीतील ज्यू कैद्यांना राबवून घेतले गेले, हेही पुढे आले. म्हणजे ज्या देशाने १९४५ मध्ये रशियनांना वाचवले, त्याच देशाने त्याआधी काही ज्यूंसाठी दार लावून घेतले होते. हे वाचताना वाईट वाटते. पण हा अहवाल त्यांनी दडवला नाही, तो छापून प्रसिद्ध केला. दुसऱ्यांचे पुरावे जपून ठेवा असे सांगणाऱ्याने आपली वहीही उघडी ठेवली पाहिजे.

आणखी एक खरे बोलायला हवे. इतके ठराव होऊनही युद्धे थांबलेली नाहीत. नियम लिहिला की लगेच बंदूक खाली पडते असे नाही. पण नियमच नसेल, तर बंदूकवाल्याला चूक म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? चोऱ्या होतात म्हणून आपण चोरीविरुद्धचा कायदा रद्द करत नाही.

आपल्यासाठी

आपण काही राजदूत नाही. पण आपल्या घरात, वाडीत, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीतही लहानमोठे तंटे असतात. बांधावरून, पाण्यावरून, वाटणीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. तेथेही एखादा वजनदार माणूस "नाही" म्हणतो आणि सारे गप्प बसतात. आपल्या हाती काही नाही असे वाटते, तेव्हा या लहान देशाकडून चार गोष्टी घेता येतील. जे घडले ते खरेखुरे लिहून जपून ठेवावे. नकार देणाऱ्याला सर्वांसमोर, पण आदराने, कारण विचारावे. अडचणीत सापडून दारात आलेल्या माणसाला, तो आपल्याला आवडत नसला तरी, धोक्याच्या तोंडी परत पाठवू नये. आणि दुसऱ्याला नियम सांगण्याआधी आपल्या घरचा हिशोब तपासावा.

शांततेसाठी आपण करतो ती प्रार्थना अशा कामांनी पुढे चालू राहते. पुढच्या रविवारी युद्धग्रस्त देशाचे नाव ऐकताच त्या देशात पुरावे गोळा करणाऱ्या, जखमींना मलमपट्टी करणाऱ्या आणि कुठल्यातरी सभागृहात मध्यरात्रीपर्यंत एका शब्दासाठी अडून बसणाऱ्या माणसांचीही आपण आठवण करू.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. १९४५ मध्ये लिश्टनस्टाइनने आश्रय दिलेली माणसे शत्रूच्या सैन्यातील होती. त्यांना परत न पाठवण्याचा निर्णय आपल्याला योग्य वाटतो का? का?

२. गुन्हेगाराला आज शिक्षा होणार नाही हे माहीत असूनही पुरावे जपून ठेवण्यात काय अर्थ आहे?

३. आपल्या वाडीत किंवा कुटुंबात बऱ्याच दिवसांपासून न मिटलेला एखादा तंटा आहे का? वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी कोणती तेथे उपयोगी पडेल? (कोणाचे नाव न घेता चर्चा करावी.)

४. आपल्या समूहाने वर्षभर धरून ठेवावे असे एकच काम निवडायचे झाले, तर ते कोणते असावे? त्यासाठी कोणाकोणाला सोबत घ्यावे लागेल?

समूहप्रमुखांनी चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे आणि पुढील बैठकीत ते वाचून दाखवावे.